चाकांवरच्या घरांतील वायूची टाकी

उन्हाळा लागला कीं युरोपांतील महामार्गांवर कॅंपर व्हॅन नांवाच्या गाड्यांची रीघ लागते. बाहेरून पाहिलें तर ती एक उंच मोटार. आंत शिरलें कीं दिसतें तें घर. निजावयास बाक, जेवावयास टेबल, भांडीं धुण्यास मोरी, आणि दोन-तीन ज्योतींची शेगडी. स्वयंपाक, अंघोळीचें ऊन पाणी, शीतकपाट, रात्रीची ऊब, हा सारा संसार बहुधा एकाच वस्तूवर चालतो. ती वस्तु म्हणजे दाबाखालीं द्रवरूप केलेला पेट्रोलियम वायु. मुंबई-पुण्याच्या घरोघर सिलिंडरांतून जो येतो त्याचाच हा भाऊबंद.

घरगुती सिलिंडर कारखान्यांत भरला जातो. १४.२ किलो वायु तोलून घातला जातो, तोटी तपासली जाते, मोहोर लावली जाते, आणि मगच तो दाराशीं येतो. गृहिणीला काम उरतें तें रेग्युलेटर बसवण्याचें. फिरत्या घराच्या पोटाखालीं कायमची बसवलेली टाकी मात्र कोणी नेऊन भरून आणीत नाहीं. मालकानेंच गाडी पंपावर न्यावयाची आणि स्वतःच्या हातानें ती भरावयाची. कारखान्यांतील तोलणाऱ्याचें, तपासणाऱ्याचें आणि मोहोर लावणाऱ्याचें अशीं तिन्ही कामें त्या पांच मिनिटांत त्याच्या अंगावर येतात. शिवाय ज्या पंपापुढें तो उभा असतो तो उभारलेला असतो मोटारींच्या इंजिनासाठीं. शेगडीचा विचार तेथें कोणी केलेला नसतो. या टाकीविषयीं समजून घ्यावयाचें तें बहुतेक या एका विसंगतींतून निघतें.

मुळांत अशी टाकी हवीच कशाला, असें कोणी विचारील. युरोप नकाशावर लहान दिसला तरी सिलिंडरच्या बाबतींत तो अनेक संस्थानांचा मुलूख आहे. इंग्लंडांतला सिलिंडर फ्रान्समध्यें बदलून मिळत नाहीं, फ्रान्समधला जर्मनींत चालत नाहीं. तोटीचे आटे निराळे, अनामत निराळी, कंपनी निराळी. कॅंपिंगाझचा निळा डबा अनेक देशांत मिळतो खरा, पण त्याच्या मोठ्या आकारांतहि पावणेतीन किलोच वायु मावतो, आणि किलोमागें पडणारी किंमत डोळे पांढरे करणारी. जर्मनींत ११ किलो वायूचा लोखंडी सिलिंडर रूढ आहे. तो भरलेला असतांना उचलून कपाटांत बसवणें हें उतारवयांतील माणसाचें काम नव्हे, आणि या गाड्यांतून महिनोन्‌महिने फिरणारे पुष्कळसे लोक नोकरीधंद्यांतून निवृत्त झालेलेच असतात. उलट मोटारींचा वायु पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत पंपावर मिळतो. साठ लिटरची टाकी एकदां बसवली कीं तींत ४८ लिटर द्रव घेतां येतो. द्रव प्रोपेनचा लिटर सुमारें अर्धा किलो भरतो, तेव्हां हा सांठा २४ किलोंच्या घरांत जातो. कोठें उचल नाहीं, अनामत नाहीं, अर्धवट रिकामा सिलिंडर परत देण्याचा तोटा नाहीं.

साठ लिटरच्या टाकींत अठ्ठेचाळीसच लिटर कां, हें समजण्यासाठीं या द्रवाचा स्वभाव पाहावा लागतो. तो प्रथम नीट ओळखला अमेरिकेंतील रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग यानें, १९१० ते १९१२ या काळांत. त्या वेळचें पेट्रोल सांठवणींतून आपोआप उडून जाई. उडून जाणारा भाग स्नेलिंगनें वेगळा काढला तेव्हां त्यांत प्रोपेन व ब्यूटेन हे वायु निघाले. दाब दिला कीं ते पाण्यासारखे द्रव होतात, दाब काढला कीं पुन्हां वायु होतात. एका लिटर द्रव प्रोपेनचा सुमारें २७० लिटर वायु होतो. वीस अंशांच्या हवेंत टाकीच्या आंतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या आठपटीच्या आसपास असतो. चाळीस अंशांवर तो चौदापटीकडे जातो. इतका दाब पोलादी टाकीला सहज पेलतो. तिला न पेलणारी गोष्ट वेगळीच आहे.

पाणी १५ अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापवलें तर त्याचें आकारमान शेंकडा एकाच्या आसपास वाढतें. प्रोपेनचा द्रव तेवढ्याच तापण्यानें शेंकडा १२ ते १३ नें फुगतो. पहांटेच्या गारव्यांत काठोकाठ भरलेली टाकी दुपारीं स्पेनच्या उन्हांत, तापलेल्या डांबरावर उभी राहिली, तर या फुगणाऱ्या द्रवाला जावयास जागा नसते. वायु दाबला तर दबतो. द्रव दबत नाहीं म्हटलें तरी चालेल. तेव्हां त्याचा सारा रेटा पोलादावर येतो आणि दाब भराभर चढूं लागतो. टाकीवरची सुरक्षा-झडप अशा वेळीं उघडते व वायु बाहेर सोडते. म्हणजे टाकी वांचते, पण जेथें मुलें खेळत असतात, शेजारीं कोणी विस्तव पेटवलेला असतो, तेथेंच गाडीखालीं ज्वालाग्राही वायूचा ढग पसरतो.

म्हणून शंभरांतील वीस भाग मोकळे ठेवतात. टाकीच्या आंत एक तरंगता गोळा असतो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकींत असतो तसाच. द्रव ऐंशीव्या भागाशीं आला कीं गोळा भरण्याची वाट बंद करतो. पंपाचा आवाज बदलतो आणि आंकडे थांबतात. कांहींना ही कंजुषी वाटते, आणि आणखी दोन लिटर बसतात का पाहण्यासाठीं ते पंपाचें बटण पुन्हां पुन्हां दाबतात. हा मोह सर्वांत वाईट. गाडी उतारावर तिरपी उभी असली तरी गोळ्याचा हिशेब चुकतो व टाकी ऐंशीच्या पुढें भरूं शकते. म्हणून भरतांना गाडी सपाट जागीं हवी. आणि सांगितलेल्या अठ्ठेचाळीस लिटरांपेक्षां पंपाचे आंकडे पुढें जात आहेत असें दिसलें तर गोळ्याची वाट न पाहतां स्वतःच थांबावें. झडप बिघडूं शकते. टाकीचें माप बदलत नाहीं.

मोकळ्या जागेला आणखी एक काम असतें, आणि येथेंच मोटारीची टाकी व शेगडीची टाकी यांची फारकत होते. बाहेरून त्या जुळ्या बहिणी दिसतात. परंतु मोटारीच्या टाकींतील नळी तळापर्यंत बुडालेली असते. ती द्रव उचलते, आणि इंजिनाच्या गरम पाण्यानें तापवून त्याचा वायु करतात. शेगडीच्या टाकींतील नळीचें तोंड वरच्या मोकळ्या जागेंत असतें. तेथें जमलेला वायूच तेवढा ती घेते. पुढें रेग्युलेटर त्याचा दाब ३० मिलिबारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीन शतांशांवर, आणतो. जुन्या मोटारींतील टाकी स्वस्तांत मिळते म्हणून ती शेगडीला जोडण्याचा विचार कोणाच्या मनांत आला तर त्यानें हें चित्र डोळ्यांपुढें आणावें: मंद वायूसाठीं केलेल्या रेग्युलेटरमध्यें द्रव शिरत आहे, आणि त्यांतला प्रत्येक थेंब फुटून अडीचशेपट होऊं पाहत आहे. टाकी भरतांना ती उतू गेली तरी असाच द्रव वरच्या नळींत शिरतो. ऐंशीच्या मर्यादेचें हें दुसरें कारण.

प्रत्यक्ष भरण्याची कृति अवघड नाहीं. पंपाच्या आवारांत शिरण्यापूर्वीं गाडींतील प्रत्येक ज्योत विझवावी. शेगडी सर्वांना आठवते, शीतकपाट आणि पाणी तापवण्याचें यंत्र यांतील ज्योत विसरते. इंजिन बंद, सिगारेट बंद, मंडळी खालीं उतरलेली. गाडीच्या अंगावरच्या भरण-तोंडाला त्या त्या देशाचा जोड हातानें आवळून बसवावा. असे चार जोड युरोपभर पुरतात: इंग्लंड व हॉलंडला बायोनेट, जर्मनी-बेल्जमला अॅक्मी, फ्रान्स-इटलीकडे डिश, स्पेन-पोर्तुगालला युरो. जोडाच्या रबरी चकतीकडे पाहावयास विसरूं नये. पुष्कळशा गळत्या तेथूनच होतात. मग पंपाची नळी अडकवून खटका लावावा व पंपाचें बटण दाबून धरावें. हात काढला कीं प्रवाह थांबतो, ही योजना मुद्दाम केलेली आहे. नळी सोडवतांना थोडा वायु फुसकन बाहेर येतो. द्रव प्रोपेन उणें ४२ अंशांवर उकळत असल्यामुळें त्याचा शिंतोडा कातडीला भाजल्यासारखी जखम करतो. म्हणून हातांत जाड मोजा हवा.

पंपावर पाटी शोधतांना इंग्लंड-जर्मनींत एलपीजी, फ्रान्स-इटलींत जीपीएल आणि स्पेनमध्यें जीएलपी हीं अक्षरें शोधावींत. कांहीं पंपांवर फिरत्या घराला वायु नाकारतात, आणि प्रवासी संतापतात. त्या कर्मचाऱ्याची बाजूहि ऐकण्यासारखी आहे. सुटा सिलिंडर पंपावर भरण्यास अनेक ठिकाणीं मनाई असते, कारण साध्या सिलिंडरमध्यें ऐंशीला थांबवणारा गोळा नसतो. कपाटाचें दार उघडून आंत नळी खुपसणारा माणूस पाहिला कीं त्याला सिलिंडरच दिसणार. भरण-तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगावर आणि टाकी चाशीला बांधलेली असली, टाकीचा दाखला हाताशीं असला, म्हणजे हा वाद बहुधा वाढत नाहीं. इंग्लंडांत अशा पंपांची संख्या अलीकडे घटत चालली आहे, उत्तर युरोपांत ते मुळांतच विरळ आहेत. टाकी निम्मी झाली कीं पुढच्या पंपाचा विचार करणारा प्रवासी रात्रीं थंडींत कुडकुडत नाहीं.

परंतु टाकी निम्मी भरलेली असतांनाहि कुडकुडण्याची वेळ येते, आणि तिचें कारण फार थोड्यांच्या लक्षांत येतें. पाटीवर नांव एकच असलें तरी पंपांतून येणारा वायु सर्वत्र एक नसतो. तो प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण असतो, आणि त्यांचें प्रमाण देशागणिक व ऋतूगणिक बदलतें. इंग्लंडांत तो जवळजवळ निव्वळ प्रोपेन. स्पेन-इटलीसारख्या उबदार मुलखांत ब्यूटेनचा वांटा मोठा, आणि उन्हाळ्यांत अधिकच मोठा. प्रोपेन उणें ४२ अंशांवर उकळतो, ब्यूटेन उणें अर्ध्या अंशावर. म्हणजे जेथें पाणी गोठूं लागतें तेथें ब्यूटेन द्रवरूपांतच मुकाट पडून राहतो. मोटारीला याचें कांहीं वाटत नाहीं. ती द्रवच उचलते आणि इंजिनाच्या उष्णतेनें त्याचा वायु करते. पंपवाल्यालाहि म्हणून त्याची फिकीर नसते. शेगडीची टाकी मात्र आपोआप होणाऱ्या वायूवर जगते.

त्यांत भर अशी कीं मिश्रणांतून वायु निघतांना चपळ प्रोपेन पुढें होतो व जड ब्यूटेन मागें राहतो. रोजचा चहा, रोजचा स्वयंपाक होतां होतां टाकींतला उरलेला सांठा दिवसेंदिवस ब्यूटेनकडे झुकत जातो. सप्टेंबरांत अँडालुशियांत टाकी भरून निघालेलें कुटुंब डिसेंबरांत आल्प्सच्या घाटांत मुक्काम करतें असें समजा. बाहेर उणें दहा अंश. काटा निम्म्यावर. काडी लावली तर ज्योत क्षणभर निळी होऊन विझते, ऊब देणारें यंत्र बंद पडतें, आणि गाडींत लहान मूल किंवा वृद्ध आजी असली तर प्रसंग केवळ गैरसोयीचा राहत नाहीं. टाकी बिघडली असें वाटून रात्रभर नळ्या तपासल्या जातात. बिघडलेलें कांहींच नसतें. अशा वेळीं वायूचा वापर वाढवला तर टाकी अधिकच गारठते, कारण द्रवाचा वायु होतांना तो टाकींतलीच उष्णता ओढून घेतो. कडक थंडींत टाकीवर हिम धरतें तें यामुळेंच. टाकीखालीं ज्योत धरून ती तापवण्याचा विचार मनांतहि आणूं नये. खरा उपाय आधीं करण्याचा आहे: उन्हाळी मुलखांतला सांठा डोंगर चढण्यापूर्वीं होतां होईतों संपवावा, आणि टाकी थंड प्रदेशांतील पंपावर, तेथील हिवाळी मिश्रणानें भरावी. मुंबई-पुण्याहून जाऊन हिवाळ्यांत अशी गाडी भाड्यानें घेणाऱ्या कुटुंबानें गाडी ताब्यांत घेतांना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच, कीं टाकींतला वायु कोठें आणि केव्हां भरला.

काट्याविषयीं दोन शब्द. आंतला गोळा द्रवाची पातळी सांगतो, आणि ऐंशी म्हणजेच पूर्ण. कांहीं गाड्यांत दाब दाखवणारी तबकडी असते. तिच्यावरून सांठा समजतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. टाकींत थोडा जरी द्रव उरला असला तरी दाब ठरतो तो हवेच्या उष्णमानावरून व मिश्रणावरून. द्रव संपेपर्यंत तबकडी हलत नाहीं, आणि मग एकाएकीं पडते.

गळतीचा विषय जरा विस्तारानें बोलण्यासारखा आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. निसटलेला वायु छपराकडे न जातां जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खळग्यांत सांठतो. म्हणून या गाड्यांच्या तळाला, सिलिंडरच्या कपाटांत व शेगडीखालीं, मुद्दाम भोकें ठेवलेलीं असतात. थंडींत पायांना वारा लागतो म्हणून तीं चिंध्यांनीं बुजवणें म्हणजे स्वतःच्या हातानें विहीर बांधणें आहे. हवेंत शेंकडा दोन भाग प्रोपेन मिसळला कीं मिश्रण पेट घेऊं शकतें. हिशेब केला तर एका लिटर द्रवापासून सुमारें तेरा घनमीटर स्फोटक हवा तयार होते. मध्यम आकाराच्या कॅंपर व्हॅनची आंतली सारी जागा साधारण तेवढीच. टाकींत असे अठ्ठेचाळीस लिटर असतात.

या वायूंना स्वतःचा वास नसतो. जो उग्र वास येतो तो गंधकयुक्त द्रव्याचा, मुद्दाम मिसळलेला. १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सासमधील न्यू लंडन गांवच्या शाळेंत, फरशीखालच्या पोकळींत सांठलेल्या वासहीन नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारें तीनशे विद्यार्थी व शिक्षक ठार झाले. त्यानंतर टेक्सासांत वायूला वास देण्याचा कायदा झाला, आणि ही चाल सर्वत्र पसरली. परंतु झोपलेल्या माणसाचें नाक विश्वासूं पाहरेकरी नव्हे. म्हणून धोक्याची घंटा देणारें छोटें यंत्र गाडींत जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइडसाठीं वेगळें यंत्र लागतें. त्याला वास नाहीं, आणि तो गळतीमुळें येत नाहीं. बंद खिडक्यांच्या गाडींत शेगडीच पेटती ठेवून ऊब घेणाऱ्यांच्या उशाशीं तो येतो. शेगडी अन्नासाठीं, ऊब देणाऱ्या यंत्राचा धूर बाहेर नेण्यास स्वतंत्र नळी असते.

जर्मनींत अशा गाड्यांची वायुव्यवस्था दर दोन वर्षांनीं जाणत्या तपासनिसाकडून तपासून घेण्याची पद्धत आहे, आणि रबरी नळ्या व रेग्युलेटर दहा वर्षांनीं बदलतात. बोटीवर गाडी चढवतांना टाकीची मुख्य तोटी बंद करावी लागते. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यांतून आगगाडीवर गाड्या नेतात, तेथें वायूवर चालणारें इंजिन असलेल्या मोटारीला प्रवेश नाहीं. घरगुती वापराची टाकी ठरावीक मर्यादेंत चालते. हा फरक तेथील कर्मचाऱ्याला सांगतां आला पाहिजे.

मुख्य तोटी कोठें आहे हें गाडींतील प्रत्येकाला, मुलांनासुद्धां, पहिल्याच मुक्कामाला दाखवावें. ती बहुधा टाकीवरच, म्हणजे गाडीखालीं असते, आणि चिखलांत आडवें पडल्याशिवाय हात पोंचत नाहीं; कित्येक मालक म्हणून आंतून बंद करतां येईल अशी दुसरी तोटी बसवून घेतात. वास आला कीं विजेचें बटण दाबूं नये, लावण्यासाठीं नव्हे आणि बंद करण्यासाठींहि नव्हे. दारें उघडावींत, मंडळींना बाहेर काढावें, तोटी फिरवावी, आणि गाडीपासून दूर जाऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभें राहावें. वायु जड असल्यामुळें वारा नसेल तर तो गाडीखालून लवकर हलत नाहीं. वास गेल्यावरहि गळती कोठें आहे तें साबणाच्या पाण्याचे बुडबुडे लावून पाहावें. काडी पेटवून पाहणारे लोक अजूनहि आहेत. गळती सांपडून ती जाणत्या माणसानें दुरुस्त करीपर्यंत त्या गाडींत चहासुद्धां करूं नये.